मियाओ कशिदा आणि अर्थ लावणाऱ्यांचा उपद्रव

गेल्या काही वर्षांत चीनमधील मियाओ समाजाच्या वस्त्रकलेविषयी जे ग्रंथ, जी प्रदर्शने आणि जे अनुबोधपट पुढे आले, त्यांतील बहुतेकांनी एकच विधान निरनिराळे अलंकार चढवून मांडले आहे: ज्या लोकांपाशी लिपी नव्हती, त्यांनी आपला इतिहास अंगावर धारण केला. घागऱ्यावरील आडवे पट्टे म्हणजे पीत नदी व यांगत्से, चौकटी म्हणजे मागे राहिलेली शेते, आणि फुलपाखरू म्हणजे मेपल वृक्षातून जन्मून बारा अंडी घालणारी आदिमाता, असा हा ठरीव अन्वयार्थ आहे. आदिमातेची कथा आणि दक्षिणेकडील स्थलांतराची स्मृती या समाजाच्या प्राचीन गीतांत आहेत, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु वस्त्राकडे दस्तऐवज म्हणून पाहण्याची ही सवय आता त्या कलेच्याच मुळावर आली असल्यामुळे तिचा प्रतिवाद केल्यावाचून राहवत नाही.

ग्वेझौ प्रांताच्या आग्नेय भागातील ताइजियांग परगण्यात, छिंगश्वे नदीच्या काठच्या शीदोंग येथे जे भरतकाम होते, त्याला माझ्या मते या संपूर्ण परंपरेत जोड नाही. तेथील स्त्री रेशमाचा एक बारीक धागा घेऊन त्याचे नखाने आणखी अनेक पदर वेगळे करते, त्यांतील एकेक पदर शिकेकाईसारख्या शेंगांच्या चिकट रसातून ओढून सपाट व तुळतुळीत करते, आणि कागदी कातरकाम कापडावर बसवून त्यावर हे पदर असे शेजारी शेजारी टाकत जाते की टाका दिसतच नाही, केवळ प्रकाश दिसतो. सणाचा एक अंगरखा पुरा व्हायला वर्षे लागतात. शिवाय या कामातील ड्रॅगन कधी म्हशीची शिंगे लावून येतो, कधी माशाच्या अंगाने, तर कधी रेशमाच्या अळीसारखा वेटोळे घालून. त्याच्या पाठीवर माणूस बसतो, पोटातून पक्षी डोकावतो. १८५५ ते १८७२ या काळात झांग श्यूमेईच्या नेतृत्वाखाली छिंग सत्तेविरुद्ध जो उठाव झाला, त्यातील लढवय्यी वू मोशी येथल्या बाह्यांवर घोड्यावर स्वार झालेली दिसते, आणि तिच्या घोड्याभोवतीसुद्धा हेच अर्धे पशू, अर्धे पक्षी दाटलेले असतात. अशा सृष्टीचा कोश कसा करणार? येथे कल्पना टाक्याच्या ओघात जन्मते; आधी अर्थ ठरवून मग त्याची आकृती काढली, असा क्रम येथे नाही.

तीच गोष्ट दानझाय येथील मेणकामाची. तांब्याची पाती बसवलेल्या लेखणीने वितळलेले मेण उचलून, पूर्वरेखन न करता, थेट पांढऱ्या कापडावर ओढलेल्या त्या भोवऱ्यांत हात एकदा चुकला तर दुरुस्ती नाही. मग निळीच्या रांजणात वारंवार बुडवणे, वाळवणे, आणि शेवटी मेण उकळून काढणे. मधमाश्यांचे मेण लवचीक असल्याने जाणत्या हाताच्या कामात रेषा अखंड राहते. बाजारी मालात जे तड्यांचे जाळे रसिकतेची खूण म्हणून विकले जाते, ते बव्हंशी ठिसूळ पॅराफिनचे दान आहे. गुण आणि दोष यांची अशी अदलाबदल झाली, तरी एकाही अन्वयार्थकाराने त्याविरुद्ध शब्द काढला नाही, कारण तडे पडलेले फुलपाखरूही त्यांच्या लेखी आदिमाताच असते.

जियानहेच्या काळ्यानिळ्या कापडावरील कथिलाच्या बारीक पट्ट्यांचे भरतकाम आणि फळीवर अळ्या सोडून विणवून घेतलेल्या सपाट रेशमाचा, पिसांच्या झालरीचा ‘शतपक्षी’ पोशाख, हे खरे उच्च कोटीचे. चांदीच्या अवजड मुकुटांचे कौतुक पुरे झाले. थायलंडमधील बान विनायच्या छावणीत मियाओंच्याच ह्मोंग शाखेतील निर्वासितांनी भरलेल्या कथापटांमागील दुःखापुढे मी नतमस्तक आहे, पण भरतकाम म्हणून ते चित्रकथेपलीकडे जात नाहीत. फॅशनच्या मंचावर मिरवणाऱ्या मियाओ नक्ष्यांबद्दल लिहिण्याजोगे काही नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. वस्त्र म्हणजे नोंद, ही दृष्टी मियाओ स्त्रियांची आहे असे आपल्याला सांगितले जाते. पण बाहेरून पाहणाऱ्यांनी ती फार पूर्वी लादली आहे. छिंग अमलातील चित्रसंग्रहांनी या लोकांची वर्गवारी काळे, पांढरे, तांबडे, फुलांचे अशी पोशाखावरून केली, ती मुलूख ताब्यात ठेवणाऱ्या दफ्तराची गरज होती. शंभराहून अधिक वेशप्रकारांच्या या समाजावर आज एकच चिन्हकोश बसवणारे लोक त्याच दफ्तराचे वारसदार आहेत. २००६ साली चीनच्या राष्ट्रीय वारसा-यादीत मियाओ भरतकाम आणि मेणकाम दाखल झाले, हे योग्यच झाले; परंतु यादीची मोहर उमटताच दुकानांतून यंत्रावर भरलेली फुलपाखरे त्याच नावाने, त्याच कथेच्या चिठ्ठीसह विकली जाऊ लागली. आणि याला अन्वयार्थकारांजवळ उत्तर काय आहे? वस्त्राचा अर्थ जर चिन्हात असेल, तर यंत्राने काढलेले चिन्ह खोटे कसे ठरवणार? त्यांच्याच सिद्धांताने यंत्राला सनद बहाल केली आहे. अर्थ चिरलेल्या धाग्यात, मुलीने आईशेजारी बसून घालवलेल्या हिवाळ्यांत आणि लग्नासाठी व सणासाठी स्वतःच्या हाताने अंगावर चढवलेल्या श्रमात आहे असे मानले, तरच ते यंत्रकाम नाकारता येते. आणि ज्यांना हे मानायचे नाही, त्यांनी संवर्धनाची भाषा करू नये.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. संग्रहालयातील पाटीवर आदिमातेची कथा खुशाल असावी, पण तिच्याआधी टाका कोणता, धागा किती पदरी चिरला, नीळ किती खेपांची आणि काम कोणत्या गावचे, याचा तपशील आलाच पाहिजे. आणि ज्या दालनात यंत्राचा जिन्नस हातच्या कामाशेजारी एकाच नावाखाली मांडला जातो, तेथे अभ्यासकांनी आपले प्रास्ताविक देण्याचे साफ नाकारावे.