शाहू मोडक : देवाची वाणी आणि शिपायाची

शाहू मोडक (१९१८–१९९३) यांच्या कारकीर्दीची चर्चा बहुधा एका विस्मयापाशी थांबते : अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा नट पडद्यावर श्रीकृष्ण झाला आणि लोकांनी त्याला तसा मानला. विस्मय खरा, पण त्यातून नटाच्या गुणाचा उलगडा होत नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) कृष्ण झाले तेव्हा मोडक जेमतेम चौदा वर्षांचे होते. पुढे देव व संत यांच्या भूमिका त्यांच्या वाट्याला येतच राहिल्या.

देवाची वाणी नटाला घडवावी लागत नाही. पोथी व कीर्तन यांनी ती आधीच घडवलेली असते. ‘संत ज्ञानेश्वर’मधील (१९४०) मोडकांचे संथ, स्वच्छ उच्चार याच परंपरेचे. यवतमाळ जिल्ह्यातील ज्या प्रेक्षकाच्या घरी ‘मला’चे ‘मले’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, त्यालाही ते परके वाटण्याचे कारण नव्हते. संताने वऱ्हाडीत बोलावे अशी त्याची अपेक्षाच नसते.

शांतारामबापूंच्या ‘माणूस’मधील (१९३९) गणपत शिपायाला असा आधार नाही. तो शहरात राहणारा साधा माणूस. त्याने माणसासारखेच बोलले पाहिजे. छाप्यातून मैनेला वाचवणारा हा शिपाई हुकूम देताना तुटक, ठाम बोलतो. तिच्यासमोर मात्र त्याचे वाक्य अडते. शांता हुबळीकरांच्या मैनेचे बोलणे चपळ व बोचरे असल्यामुळे ही मंदता अधिकच जाणवते. शब्द संवादलेखकाचे, अडखळणे नटाचे. ‘मले’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाला गणपतची प्रत्यये आपली वाटली नसतील, पण तो विराम कोणत्याच बोलीचा नसतो. एकवीस वर्षांच्या नटाने हे साधले, याची नोंद पुरेशी झालेली नाही. चित्रपटाचे यश हुबळीकरांच्या नावे मांडण्याची प्रथा पडली. ती निम्मीच न्याय्य आहे.

शेवटी मात्र चित्रपटच कच खातो. मैनेला शिक्षा झाल्यावर खचलेल्या गणपतला कर्तव्याचा उपदेश ऐकवला जातो, आणि जो विराम इतका वेळ अर्थ वाहत होता त्याची जागा बोधवचन घेते. पुढच्याच वर्षी ‘संत ज्ञानेश्वर’ आला, १९४२ मध्ये ‘भरतभेट’मधील भरत. निर्मात्यांना मोडकांच्या कंठातील स्वच्छता हवी होती. गणपतचे अडखळणे त्यांनी पुन्हा क्वचितच मागितले.