अनुक्त आणि मौन

लेखक निराळा आणि त्याचे लेखन निराळे, हे सूत्र आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. कॅनडाच्या कथालेखिका ॲलिस मन्रो यांच्या कथा पुन्हा वाचताना ते तपासून पाहणे आम्हांस भाग पडले.

मन्रोबाईंना २०१३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १३ मे २०२४ रोजी त्या निवर्तल्या. दोन महिने होण्यापूर्वीच, ७ जुलै रोजी, त्यांची धाकटी कन्या अँड्रिया स्किनर यांचा लेख 'टोरांटो स्टार' या दैनिकात प्रसिद्ध झाला. १९७६ साली, त्या नऊ वर्षांच्या असताना, सावत्र पिता जेरल्ड फ्रेमलिन याने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. १९९२ साली त्यांनी पत्राने ही गोष्ट आईला कळविली. आई काही काळ त्याच्यापासून दूर राहिली. मग परतली, आणि २०१३ साली तो मरेपर्यंत त्याच्याजवळच राहिली. हा केवळ प्रवाद नव्हे. फ्रेमलिनने २००५ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. त्याच वर्षी निघालेल्या मन्रोबाईंच्या चरित्रात मात्र याचा उल्लेख नाही. वस्तुतः प्रकाशनापूर्वीच ही हकीकत चरित्रकाराच्या कानी गेली होती.

जे सांगावयाचे ते न सांगता सुचविणे, हा मन्रोबाईंच्या कथेचा विशेष होय. आनंदवर्धनाच्या काळापासून ध्वनीला काव्याचा आत्मा मानणाऱ्या आम्हांस ही कथा जवळची वाटावी, यात नवल नाही. १९९३ सालची 'व्हँडल्स' ही कथा घ्या. लायझा ही तरुणी शेजारच्या लॅडनरच्या रिकाम्या घराची नासधूस करते. बालपणी त्याने तिच्यावर अत्याचार केलेला असतो, हे आपणांस हळूहळू उमगते. त्याची सहचरी बी ही मायाळू बाई. मुलीला वाचविणे तिच्या हाती होते, पण तिने पाहिलेच नाही. पूर्वी आम्ही या न पाहण्यातील मनोविश्लेषणाची वाखाणणी करीत असू. आज ध्यानात येते की, कन्येचे पत्र आल्यानंतर पुढच्याच वर्षी ही कथा प्रसिद्ध झाली. कथेत लेखिका मुलीचे दुःख जाणते. घरात तिने मुलीची बाजू घेतली नाही. म्हणूनच ही कथा आता अधिक खरी वाटते आणि अधिक असह्यही होते.

कित्येक वाचकांनी ही पुस्तके दूर सारली. त्यांचा संताप आम्हांस समजतो. दुसरे म्हणतात, कलेने चरित्राची चौकशी करू नये. फडके-खांडेकर वादात वाढलेल्या आमच्या पिढीला ही दोन्ही टोके परिचित आहेत. परंतु पुस्तके कपाटात बंद केली, तर त्या मुलीची हकीकतही त्यांच्यासवे बंद होईल. आणि केवळ कला पाहिली, तर चरित्रकाराने केले तेच आपण करू. स्किनरबाईंनी पुस्तके टाकून द्या असे म्हटलेले नाही. आईविषयी लोक जे सांगतात, त्यात आपलीही कहाणी सामील व्हावी, एवढीच इच्छा त्यांनी व्यक्त केली.

आमच्या मते येथे दोन शब्दांत भेद केला पाहिजे. अनुक्त म्हणजे लेखक विश्वासाने वाचकावर सोपवितो ते. मौन म्हणजे वडीलधारे आपल्या सोयीसाठी मुलावर लादतात ते. पहिल्याचे कौतुक करताना दुसऱ्याची किंमत कोणी मोजली, हे आम्ही कधी विचारले नाही.

मन्रोबाईंची कथा जाणत्या विद्यार्थ्यांना अवश्य शिकवावी. पण ही हकीकत सांगून शिकवावी. वर्गातील मुले केवळ पाठ वाचीत नाहीत, ती शिक्षकालाही वाचीत असतात. मोठ्या नावासाठी गुरुजींनी एका मुलीचे दुःख वगळले, असे त्यांना दिसले, तर त्यांच्यापैकी ज्याच्यावर तसा प्रसंग गुदरला असेल, ते मूल आपल्यापाशी कधीच येणार नाही.