चिखलातले पांढरे पक्षी : एका प्रदर्शनाच्या निमित्ताने

पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेत भरलेले छायाचित्रांचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. विषय होता नाथसागराच्या काठावरचे पक्षी. चित्रे शिक्षकांनी आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनीच काढलेली होती. बहुतेक चित्रे फेब्रुवारी-मार्चमधली होती, कारण पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेल्या जलाशयाचे पाणी तेव्हा ओसरू लागते आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. जायकवाडीचा सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा परिसर १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पैठण शहरापासून जेमतेम ५० किलोमीटर. एवढी मोठी प्रयोगशाळा दाराशी असताना मुलांनी कॅमेरा घेऊन तेथे जावे, हे कौतुकाचेच आहे. तरीही काही गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात.

प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या चित्रात शेकाट्यांची जोडी होती. पाय गुलाबी, चोच सुईसारखी, पण अंगाच्या जागी मात्र पांढरा कागद चिकटवल्यासारखे दिसत होते. एकही पीस दिसत नव्हते. चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘सर, कॅमेरा ऑटोवर होता.’’ दोष त्याचा नाही, कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाचा आहे. हा मापक समोरचे दृश्य सरासरीने करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवते, असे गृहीत धरतो. ओला काळा चिखल समजा त्याच्या निम्माच प्रकाश परतवतो. मग मापक त्या चिखलाला करडा करण्यासाठी दुप्पट प्रकाश आत घेतो. पांढरे पीस मुळातच करड्याच्या चार-पाच पट उजळ असते, ते आता आठ-दहा पट होते. संवेदकाची भांडी काठोकाठ भरून वाहू लागतात, आणि वाहून गेलेला तपशील नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी परत येत नाही.

याउलट चकाकत्या पाण्यावरच्या पक्ष्याच्या बाबतीत मापक प्रकाश कमी करतो आणि पक्षी काळवंडतो. याचे उदाहरणही तेथेच होते. एका चिमुकल्या पक्ष्याच्या चित्राखाली ‘छोटा टिलवा’ असे ठामपणे लिहिलेले होते. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. त्या चित्रात सगळेच काळे होते, मग पायांच्या रंगावरून ओळख पटणार कशी? असे चित्र नोंद म्हणून वापरले, तर चुकीची माहितीच पुढे जाईल. मला ही चूक शेकाट्याच्या चुकीहून गंभीर वाटते.

उपाय सोपा आहे. पार्श्वभूमी बदलली तरी पक्ष्यावर पडणारे ऊन बदलत नाही. म्हणून मापकाला बाजूला ठेवून आकडे स्वतः ठरवावेत. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि आयएसओच्या आकड्याचा व्यस्त, हा जुना नियम आजही चालतो : आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद, तेच एफ/८ ला १/१६०० सेकंद. शेकाट्यासारखा पांढरा पक्षी असेल तर १/२५०० किंवा १/३२००. सकाळच्या कोवळ्या उन्हात मात्र प्रकाश कमी असतो, तेव्हा एखादे चित्र काढून पडद्यावरील आलेख पाहावा. तो उजव्या भिंतीला टेकला की समजावे, पांढरे हातचे गेले. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना यातून परावर्तनाचा एक तास सहज घेता येईल.

पहिले बक्षीस थव्याच्या चित्राला मिळाले होते. आकाशभर उडालेले चिखले, मागे सूर्य. परीक्षकांची निवड मला पटली नाही. सारे पक्षी पाठमोरे आणि दूर जाणारे. ते आपणहून उडालेले नव्हते, कोणीतरी चालत जाऊन उडवलेले होते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला खाण्यावरून उठवून मिळवलेले चित्र कितीही देखणे असले तरी ते बक्षीसपात्र कसे?

खरे चित्र कोपऱ्यात, खिडकीशेजारी लागले होते. अकरावीतल्या एका मुलीने धरणाच्या बाजूने, सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन काढलेले. येथून जलाशय पश्चिमेकडे पसरतो, त्यामुळे सकाळी ऊन पक्ष्याच्या अंगावर सरळ पडते. संध्याकाळी याच जागेवरून नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. ती चिखलात पालथी पडली होती, म्हणून कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आला आणि मागचा काठ पुसट झाला. (कपडे कोणी धुतले, हे विचारायचे राहून गेले.) शेकाट्याचे लांबलचक पाय कापलेले नव्हते, उलट पाण्यातले प्रतिबिंबही चोचीच्या टोकापर्यंत पूर्ण होते. पक्षी ज्या बाजूला चालला होता त्या बाजूला मोकळी जागा होती. पांढऱ्या छातीवरची पिसे मोजता आली असती. एवढेच की क्षितिजरेषा किंचित डावीकडे कलली होती, पाणी सांडेल की काय असे वाटावे इतकी.

किती वेळ वाट पाहिली, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘‘दोन तास. पहिला तास ते लांबच होते. मग तेच जवळ आले.’’ दहानंतर काढलेली चित्रे तिने लावलीच नव्हती. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागली की भिंगातून पक्षीही थरथरतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते, ते तिने तेथेच पाहिले होते.