पुसता न येणारे पत्र

२३ एप्रिल २०१८ रोजी पेकिंग विद्यापीठातील युए शिन या विद्यार्थिनीने एक खुले पत्र लिहिले. त्याच महिन्याच्या ९ तारखेला तिने आणि आणखी सात जणांनी विद्यापीठाकडे माहिती मागणारा अर्ज दिला होता. १९९८ साली गाओ यान या विद्यार्थिनीने आत्महत्या केली होती आणि एका प्राध्यापकाने तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप होता. विद्यापीठाने तेव्हा काय चौकशी केली, एवढेच या आठ जणांना हवे होते. मिळाला तो दबाव. अपरात्री विद्यापीठाचे लोक युए शिनच्या आईला घेऊन वसतिगृहाच्या खोलीवर आले. ही सारी हकीगत तिने पत्रात मांडली. पत्र समाजमाध्यमांवर पसरले आणि पाठोपाठ तिथून काढलेही जाऊ लागले.

मग कोणा अनामिकाने ते पत्र इथेरियम या ब्लॉकचेनवर चढवले. ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाणारी एकच रोजकीर्द. तिच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो, त्यामुळे मागचे एक अक्षर बदलले तरी पुढची सगळी पाने खोटी ठरतात. पैशांच्या प्रत्येक व्यवहारासोबत थोडा मजकूर जोडायची सोय या वहीत आहे. अनामिकाने शून्य रकमेचा व्यवहार केला आणि त्या जागेत पत्र ठेवले. त्याच वर्षी जुलैत सदोष लशींच्या घोटाळ्यावरचा एक चिनी लेखही याच वाटेने वाचवला गेला. जून २०२१मध्ये हाँगकाँगचे ‘ॲपल डेली’ बंद पडले, तेव्हा त्यातील लेख वाचवण्यासाठी स्वयंसेवकांनी ‘आरवीव्ह’ या साखळीचा आधार घेतला. एकदा शुल्क भरा, मजकूर कायमचा राहील, असा तिचा दावा आहे.

या घटनांतून एक विचार रूढ झाला, की अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न तंत्राने सुटला. आता लेखन पुसताच येणार नाही. व्यक्तिगत लेखनाचे असे सार्वजनिक संग्रह उभारण्याची भाषाही त्यातूनच आली. या विचाराची तपासणी मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा ‘कायम’ या शब्दाचा. मुख्य साखळीवर मजकूर ठेवायचा तर बाइटच्या हिशेबाने शुल्क पडते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. बहुतेक चिनी अक्षरांना तीन लागतात आणि आपल्या देवनागरीत तर प्रत्येक वर्णाला तीन, वर काना-मात्रेला आणखी तीन. या बाजारात आपले बोलणे मुळातच महाग. म्हणून पुष्कळ संग्रह साखळीवर मजकुराचा फक्त ठसा ठेवतात आणि मजकूर दुसरीकडे, बहुधा ‘आयपीएफएस’सारख्या जाळ्यात. तिथे कोणीतरी प्रत सांभाळून ठेवली तरच ती टिकते. सांभाळणारा थकला, की ठसा उरतो आणि मजकूर जातो. पावती आहे, माल नाही, अशी ती अवस्था.

दुसरा मुद्दा वाचकाचा. साखळीवरचा मजकूर सांकेतिक आकड्यांत असतो. तो वाचायला संकेतस्थळ लागते, ॲप लागते. चीनच्या सायबर प्रशासनाने हे नेमके ओळखले. १५ फेब्रुवारी २०१९पासून लागू झालेल्या नियमांनी ब्लॉकचेन सेवा देणाऱ्यांवर वापरकर्त्यांची खरी ओळख तपासण्याची आणि मजकुरावर देखरेख ठेवण्याची सक्ती केली. वही जाळता येत नसेल, तर दारावर पहारा बसवता येतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पत्र टिकले, पण पत्र लिहिणारी? त्याच उन्हाळ्यात युए शिन शेनझेनमधील जासिक कंपनीच्या कामगारांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांना स्वतःची संघटना हवी होती. २४ ऑगस्ट २०१८ रोजी हुइझोऊमध्ये पोलिसांनी छापा घालून तिला इतर कार्यकर्त्यांसह ताब्यात घेतले. त्यानंतर ती मोकळेपणाने लोकांसमोर आलेली नाही. ‘टर्मिनस२०४९’ हा काढून टाकलेल्या लेखांचा संग्रह चालवणाऱ्या दोन तरुणांना एप्रिल २०२०मध्ये बीजिंगमध्ये पकडले आणि २०२१मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांचा संग्रह परदेशी सर्व्हरवर होता, पण ते स्वतः बीजिंगमध्ये राहत होते.

मी गेली काही वर्षे ब्रिटिश काळात बंदी आलेल्या मराठी पुस्तिका वाचतो आहे. १९१०च्या प्रेस ॲक्टनंतर जप्त झालेल्या कित्येक पुस्तिकांच्या प्रती आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. त्या राखल्या बंदी घालणाऱ्या सरकारनेच. हेतू वाईट होता, तरी त्या दफ्तरांमुळे पुस्तिकेभोवतीचे जग उरले आहे: बंदीचा हुकूम, मुद्रणालयाचे नाव, सरकारी भाषांतरकाराने काढलेला सारांश. साखळीवर मजकूर आणि वेळ अचूक राहते, भोवतालचे काहीच आपोआप राहत नाही. पत्र कोणी चढवले, लिहिणारीला विचारले होते का, हे त्या वहीतून कळत नाही. संमतीसाठी तिथे रकानाच नाही.

व्यक्तिगत लेखनात तर हा रकाना सर्वांत आधी हवा. आपल्या हकीगतीत आई येते, मैत्रीण येते, शेजारी येतो. आज धाडसाने लिहिलेले उद्या त्यांच्यावर शेकू शकते. लिहिण्याच्या स्वातंत्र्यात लिहिलेले मागे घेण्याचे स्वातंत्र्यही आहे, आणि ‘कायम’च्या उत्साहात ते गिळले जाते. सत्तेने पुसणे आणि लेखकाने पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखळीला त्यांतला फरक कळत नाही.

मार्ग नाही असे नाही. मजकूर कुलूपबंद करून साखळीवर ठेवावा आणि किल्ली लेखकाकडे असावी. किल्ली त्याने नष्ट केली, की उरलेला मजकूर कोणालाच वाचता येत नाही. मजकूर प्रत्यक्षात कुठे आहे आणि तो सांभाळण्याचा खर्च कोण करते, हेही अशा संग्रहाने पहिल्या पानावर सांगावे. आणि ज्यांना धोका आहे त्यांच्यासाठी वकील, निवारा, ओळख लपवण्याचे शिक्षण यांची तजवीज हवी. ती कोणतीही साखळी करत नाही, माणसांनाच करावी लागते.

त्या अनामिकाचे काम मला मोलाचे वाटते. त्याच्यामुळे युए शिनचे पत्र आजही शब्दशः पडताळून पाहता येते, त्यात कोणाला मागाहून फेरफार करता आलेला नाही. पण त्याने वाचवला तो पुरावा. स्वातंत्र्य वाचले असे तेव्हा म्हणता येईल, जेव्हा युए शिन स्वतः त्या पत्राविषयी पुन्हा मोकळेपणाने बोलू शकेल. वाटल्यास ते पत्र नाकारण्याचीही तिला मुभा असेल.