दप्तर कोणाचे, नोंद कोणाची?

आमची मुले इतिहास लिहायला बसली की प्रस्थापित विद्वान एकच प्रश्न विचारतात, "पुरावा कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. पण पुरावा सापडत कसा, हे त्यांना कोणी शिकवले?

माझा एक विद्यार्थी मुंबईच्या पुराभिलेखागारात दोन दिवस बसून रिकाम्या हाताने परतला. म्हणाला, "सर, सूचीत आपण नाहीच." त्याला मी काय बोलणार? मीही पहिल्यांदा असाच परतलो होतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते.

तेव्हा जे कळले नव्हते ते साधे आहे. सरकारी दप्तर माणसांच्या दुःखाप्रमाणे लावलेले नसते, ते खात्याप्रमाणे लावलेले असते. महसूल, न्याय, शिक्षण, गृह; खात्याखाली साल, सालाखाली खंड. तिथे 'दलित' हा शब्द शोधणे व्यर्थ. आपले प्रकरण कोणत्या साहेबाच्या टेबलावर गेले, हे आधी विचारले पाहिजे.

महाडचे तळे घ्या. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले आणि १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो ठराव फिरवला. त्याच साली मार्चमध्ये सत्याग्रह झाला, डिसेंबरात दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ साली. पाणी एका तळ्याचे, पण कागद कौन्सिल, नगरपालिका, पोलीस आणि कोर्टे यांच्याकडे वाटलेला. एकाच खात्यात पाहून "काही नाही" म्हणणारा तळ्याच्या एकाच काठावर उभा आहे.

महार वतनाचेही तसेच. १८७४ च्या वतन कायद्यापासून १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणाऱ्या कायद्यापर्यंतचा व्यवहार महसुलाचा. अर्ज मामलेदाराकडून कलेक्टरकडे, तिथून वर. वरचा कागद मिळाला नाही तर खालच्या कचेरीत उतरावे. जमिनीसाठी आजही भांडणाऱ्या कार्यकर्त्याला हा जिना पाठ हवा.

मात्र दप्तर सापडले म्हणजे सत्य सापडले, असे मानणारेही चुकतात. कागदावर शाई साहेबाची, भाषा साहेबाची. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे अर्ज केला, सरकारने त्याला न्याय दिला नाही. आपल्यापर्यंत तो येतो 'एक महार मुलगा' म्हणून. त्याचे नाव लक्षात ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. पण १९२८ साली सायमन कमिशनपुढे शिक्षणाचे निवेदन मांडताना बाबासाहेबांनी हेच प्रकरण काढले. सरकारचाच कागद सरकारच्या तोंडासमोर धरला. दप्तर वाचण्याची याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

म्हणून विद्वानांना सांगणे एवढेच, 'पुरावा नाही' म्हणण्याआधी कोणत्या खात्याचे दप्तर उघडले ते सांगा. आणि आमच्या मुलांना सांगणे, ते दप्तर त्यांचे म्हणून पाठ फिरवू नका. त्यातला अर्ज आपल्या माणसाचा आहे.

माझा विद्यार्थी पुन्हा मुंबईला निघाला आहे. या वेळी त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर कचेऱ्यांची यादी आहे.