वाद्यांची झीज

झीज हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी वावरतो. नाणे झिजले असे म्हणताना त्यात हानीचा सूर असतो; परंतु अमुक एक मनुष्य चंदनासारखा झिजला असे म्हणताना तोच शब्द गौरवाचा होतो. वाद्यांच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि त्यांची गल्लत झाली म्हणजे रसिकतेची फसगत होते. विजेच्या गिटारीविषयी पाश्चात्य देशांत रूढ झालेल्या एका अभिरुचीचे परीक्षण आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील वाचकांसमोर मांडावेसे वाटते, ते याच कारणाने. गिटार परकी असली, तरी तिच्यापासून निघणारा प्रश्न आपल्या भजनमंडपापर्यंत येऊन पोहोचतो.

फेंडर या अमेरिकन कारखान्याची स्ट्रॅटोकॅस्टर नावाची गिटार १९५४ साली बाजारात आली. त्या काळी तिच्या लाकडावर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप देत. हा लेप नाजूक असतो. हवेतील फरकाने त्याला बारीक तडे जातात, वादकाच्या घामाने आणि हाताच्या घर्षणाने तो उडतो व आतले लाकूड उघडे पडते. आयर्लंडचा विख्यात वादक रोरी गॅलहर याने १९६१ सालच्या बनावटीची अशी एक गिटार १९६३ साली कॉर्क शहरात घेतली आणि पुढे आयुष्यभर वाजविली. तिचा बहुतेक रंग निघून गेला. पण ज्या ज्या जागी तो गेला, त्या त्या जागी त्याचा हात टेकत होता. म्हणजे त्या लाकडावर त्याच्या वादनाचा जणू नकाशाच उमटला होता. गॅलहर १९९५ साली निवर्तला. २०२४ साली लंडनच्या लिलावात ह्या गिटारीस आठ लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

योगायोग असा, की त्याच १९९५ साली फेंडरने नव्याच, परंतु मुद्दाम घासून, खरवडून, डाग पाडून जुन्या भासविलेल्या गिटारी विक्रीस काढल्या. त्यांना नाव दिले ‘रेलिक’. ख्रिस्ती परंपरेत संतांच्या पवित्र अवशेषांना हाच शब्द लावतात. ज्याची पूजा व्हावी तो अवशेष कारखान्यात तयार होऊ लागला, असाच याचा अर्थ!

ह्या प्रकाराच्या बाजूने काहीच बोलता येत नाही असे नाही. गिटारीची मान घासून गुळगुळीत केलेली असली तर हाताला ती सुखद लागते. आणि पहिला ओरखडा आधीच पडलेला असल्याने वादक निर्धास्तपणे वाजवितो. शिवाय कृत्रिम रीतीने रंग पालटणे म्हणजे लबाडीच, असेही नव्हे. आपल्या बिदरीकामाचेच उदाहरण घ्यावे. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार जडविल्यानंतर बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या साहाय्याने कारागीर ते भांडे काळे करतो. तो काळेपणा घडविलेलाच असतो. परंतु चांदी उठून दिसावी, एवढाच त्याचा हेतू. ‘मी तीनशे वर्षांचे आहे’ असे ते भांडे कोणास सांगत नाही. रेलिक गिटार मात्र न घडलेल्या मैफलींची साक्ष देते. आक्षेप कृत्रिमतेस नसून ह्या खोट्या साक्षीस आहे.

जुन्या वाद्याचा स्वरच श्रेष्ठ असतो, असेही पुष्कळदा सांगण्यात येते. ते तपासून घेणे बरे. विजेच्या गिटारीत चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यासमोर पोलादी तार कंप पावते व त्यातून स्वराचा प्रवाह निघतो. उडालेल्या रंगाचा त्याच्याशी संबंध फार थोडा. व्हायोलिनच्या बाबतीत तर २०१० साली इंडियानापोलिस येथे प्रत्यक्ष परीक्षाच झाली. वाद्य दिसू नये अशी व्यवस्था करून एकवीस वादकांकडून तीन नवी व तीन जुनी इटालियन व्हायोलिने वाजवून घेतली. जुने कोणते व नवे कोणते, हे बहुतेकांस सांगता आले नाही, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसलाच. तेव्हा झिजलेल्या वाद्याचे आकर्षण कानात नसून अन्यत्र आहे, हे प्रांजळपणे मान्य केलेले बरे.

ते कोठे आहे, हे आपल्या तंबोऱ्यावरून उमगते. मिरजेत तंबोरे घडतात. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. तंबोऱ्याच्या घोडीला जी सूक्ष्म गोलाई देतात, तिच्यामुळे तार घोडीस किंचित घासत राहते आणि स्वराला झंकार येतो, हीच जवारी. परंतु तारेच्या त्याच घासण्याने घोडीवर खाच पडते, स्वर बसका होतो, आणि जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे एकाच वाद्यावर दोन प्रकारची झीज असते. दांडीवर बोटांनी आणलेली झळाळी जपायची, आणि घोडीवरची खाच घासून काढायची. गिटारीतही रंग उडालेला चालतो, पण पडद्या झिजल्या की बदलाव्याच लागतात. सरसकट सर्व झिजेला वंदनीय मानणारा रसिक हा विवेक गमावून बसतो.

आता आपल्याकडे वळू. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील मराठी गावांत हरिनाम सप्ताह होतात. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एक वीणेकरी तिला वंदन करून दुसऱ्याच्या गळ्यात देतो. अशा वीणेची दांडी एका कलावंताने झिजविलेली नसते. तिच्यावर शेतकऱ्याचा, शिंप्याचा, शिक्षकाचा, सर्वांचाच हात फिरलेला असतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंची (१८१७–१८६५) पदे आजही गाइली जातात. पद गाऊन जुने होत नाही. ज्याच्या साथीने ते गाइले जाते ते वाद्य मात्र झिजते.

हे सांगण्याचे प्रयोजन असे, की अनेक देवळांत आज आरतीच्या वेळी नगारा व घंटा विजेच्या यंत्राने वाजतात, आणि तंबोऱ्याचे काम एक छोटी पेटी करते. माणसे मिळत नाहीत, ही विश्वस्तांची अडचण खरी आहे. परंतु यंत्रास कोणाचा हात लागत नाही, म्हणून ते मोडते, पण झिजत नाही. उरलेली जुनी वाद्ये एक तर तैलरंग फासून चकचकीत केली जातात, नाही तर काचेच्या कपाटात जातात. तैलरंगाने मागील पिढ्यांचे हात पुसले जातात; कपाटाने पुढील पिढ्यांचे हात अडविले जातात. गॅलहरची गिटारही आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचा मान योग्यच. तथापि तिच्यावरचा नकाशा आता पुरा होऊन थांबला आहे.

आपल्या वीणा-मृदंगांवर अशी वेळ आणण्याचे कारण नाही. कपाटातली वीणा बाहेर काढावी, तारा नव्या चढवाव्या, जवारी जाणकाराकडून काढून घ्यावी, दांडीचा रंग मात्र आहे तसा राहू द्यावा, आणि येत्या सप्ताहात ती एखाद्या तरुणाच्या गळ्यात द्यावी.