किमान मूल्याची निवड आणि बरोबरीचा प्रश्न : अ‍ॅरे प्रोग्रॅमिंगमधील संकेतलेखनाची समीक्षा

प्रस्तावना :
केनेथ आयव्हर्सन यांचा ‘ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला व त्यातील संकेतलेखनातून पुढे एपीएल ही संगणकभाषा साकार झाली. १९७९ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी संकेतलेखन हे विचाराचे साधन आहे, असे प्रतिपादन केले. चांगल्या संकेतलेखनाची जी लक्षणे त्यांनी सांगितली, त्यांत तपशील गौण ठेवण्याची क्षमता हे एक होय. किमान मूल्याची निवड या साध्या क्रियेला हे लक्षण कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप :
पाच निविदांतील दर अनुक्रमे ४२, ३८, ४५, ३८ व ४० आहेत आणि काम पूर्ण करण्याचे दिवस ९०, ७५, ६०, ६० व ८० आहेत, असे मानू. किमान दर ३८ आहे, याविषयी वाद नाही. मात्र तो दुसऱ्या व चौथ्या अशा दोन स्थानी आहे. ‘किमान किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे, ‘किमान कोणाचे?’ या प्रश्नाला दोन आहेत. हे दोन प्रश्न एकच समजले गेले की बरोबरीचा प्रश्न दृष्टीआड होतो.

प्रथम स्थानाचा नियम :
एपीएलमध्ये किमान मूल्य अवघ्या दोन चिन्हांत मिळते व त्याचे स्थान शोधणारी क्रिया पहिले स्थान देते. मॅटलॅबमधील ‘मिन’, नमपायमधील ‘आर्गमिन’ आणि आर भाषेतील ‘विच.मिन’ यांचाही हाच नियम आहे. वरील उदाहरणात त्यामुळे दुसरी निविदा निवडली जाते. नोंदींचा क्रम उलटा केला तर पूर्वीची चौथी निविदा निवडली जाईल. दर व दिवस यांपैकी काहीही बदललेले नसताना निकाल मात्र बदलतो.

या नियमामुळे उत्तर निश्चित मिळते, हा त्याचा गुण नाकारता येत नाही. परंतु निश्चितता म्हणजे निष्पक्षता नव्हे. नोंद आधी झाली एवढ्याच कारणाने एखाद्याला प्राधान्य द्यावयाचे असेल, तर तो धोरणाचा भाग होय व तो उघडपणे लिहिला गेला पाहिजे. येथे तपशील गौण ठेवला जात नसून झाकला जातो.

अट व्यक्त करण्याचे मार्ग :
बरोबरी झाल्यास कमी दिवसांची निविदा घ्यावी, अशी अट असल्यास तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग संयुक्त संख्येचा : दर हजाराने गुणून त्यात दिवस मिळवावेत. दुसऱ्या निविदेची संख्या ३८०७५ व चौथीची ३८०६० येते. हा मार्ग आटोपशीर आहे. परंतु दर पूर्णांकी असतील व दिवस हजाराहून कमी असतील तरच तो बिनचूक ठरतो.

दुसरा मार्ग क्रमरचनेचा. एपीएलमधील चढता क्रम देणारी क्रिया स्थिर आहे, म्हणजे समान मूल्यांचा मूळ क्रम ती राखते. म्हणून आधी दिवसांनुसार व नंतर दरानुसार क्रम लावल्यास इष्ट निविदा अग्रभागी येते. गौण अट आधी, मुख्य अट शेवटी, असा हा उलटा क्रम आहे. नमपायमधील ‘लेक्ससॉर्ट’मध्येही शेवटी दिलेली मालिका मुख्य मानली जाते. वाचकाला येथे सावध राहावे लागते.

तिसरा मार्ग गाळणीचा. दर किमान दराइतका आहे काय, या प्रश्नाची उत्तरे ०, १, ०, १, ० अशी येतात. एक आलेल्या स्थानांपुरतेच दिवसांचे किमान काढले की चौथी निविदा मिळते. नियम ज्या क्रमाने बोलला जातो, त्याच क्रमाने तो येथे लिहिला जातो. शिवाय दिवसही समान निघाले तर सर्व दावेदार शिल्लक राहतात व बरोबरी लपत नाही.

समानतेची व्याख्या :
दोन मूल्ये समान केव्हा मानावीत, हाही प्रश्न उरतो. डायलॉग एपीएलमध्ये स्थान शोधणारी क्रिया अत्यल्प फरक दुर्लक्षिते, तर क्रम लावणारी क्रिया तो मोजते. पहिले मूल्य १ पेक्षा नाममात्र अधिक व दुसरे नेमके १ असल्यास पहिली क्रिया पहिले स्थान देईल आणि दुसरी क्रिया दुसरे. एकाच भाषेतील दोन समानार्थी वाटणाऱ्या रचना अशा रीतीने भिन्न निकाल देतात.

निष्कर्ष :
अ‍ॅरे प्रोग्रॅमिंगचे संकेतलेखन बरोबरीची अट व्यक्त करण्यास असमर्थ नाही. तिन्ही मार्ग त्यातच उपलब्ध आहेत. दोष आहे तो सर्वांत छोटी रचना हीच पूर्ण रचना मानण्याच्या सवयीत. जेथे निवडीमुळे कोणाचा तरी लाभ वा हानी होते, तेथे प्रथम सर्व समान दावेदार शोधावेत, नंतर अट स्पष्ट लिहावी व तरीही बरोबरी उरल्यास ती जाहीर करावी. संक्षेप हा संकेतलेखनाचा गुण खरा. पण निर्णयाचे कारणच त्या संक्षेपात गळून पडणार असेल, तर दोन चिन्हे अधिक लिहिणेच श्रेयस्कर होय.